तांड्यावरची तपासणी

कंधारचे नाव निघाले की अभ्यासकाच्या मनात प्रथम उभा राहतो तो मन्याडच्या खोऱ्यातला, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, राष्ट्रकूटांच्या वैभवाची साक्ष देणारा जगत्तुंग समुद्र हा तलाव आणि हाजी सय्याह यांचा दर्गा. परंतु प्रस्तुत प्रकरणाचा विषय ज्या माणसांच्या आयुष्याशी निगडित आहे त्यांची वस्ती या वैभवाच्या परिघाबाहेर, बालाघाटच्या उघड्या माळांवर आणि ओढ्यांच्या काठांवर, गावापासून मैल-दीड मैल अंतर राखून विखुरलेली आहे. लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, तांडे, मन्नेरवारलूंची घरे, महादेव कोळ्यांच्या वाड्या आणि गावकुसाबाहेर पाले टाकून राहणाऱ्या लहान लहान भटक्या जमाती मिळून या मुलखाचा एक मोठा हिस्सा बनतो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, किनवट आणि माहूरच्या जंगलपट्ट्यात, गोंड, प्रधान, आंध आणि कोलाम राहतात. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला तेव्हा हे सारे लोक एकाच सरकारच्या रयतेतून दुसऱ्या सरकारच्या नागरिकत्वात आले; पण त्यांच्या वाट्याला आलेले दाखले मात्र एकसारखे नव्हते. आजही तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतो, कर्नाटकातील बंजारा अनुसूचित जातीत मोडतो आणि महाराष्ट्रातील त्यांच्याच रक्ताचा भाऊ विमुक्त जातीच्या यादीत मोडतो.

ही यादीची गोष्ट आरोग्याच्या प्रकरणात आणण्याचे कारण असे की शासनाच्या दफ्तरात माणसाचे नाव कोणत्या रकान्यात आहे यावर त्याच्या दारापर्यंत परिचारिका किती वेळा येणार हे पुष्कळ अंशी ठरते. सर्वसाधारण मैदानी मुलखात ५,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि डोंगरी किंवा आदिवासी मुलखात ३,००० लोकवस्तीमागे एक, असा शिरस्ता आहे. किनवट-माहूरचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. कंधार तालुका येत नाही. त्यामुळे जीवनमानाने, स्थलांतराने आणि दवाखान्यापासूनच्या अंतराने आदिवासींच्याच तोडीचे हाल सोसणारा तांडा खानेसुमारीच्या हिशेबात मात्र मैदानी गावाची एक पुरवणी होऊन राहतो. कर्करोगाच्या तपासणीची मोहीम अशा ठिकाणी न्यावयाची असेल तर या प्रशासकीय भूगोलाचे भान प्रथम ठेवले पाहिजे.

ज्या तीन कर्करोगांसाठी घरोघर तपासणी करण्याचे धोरण भारत सरकारने २०१६ मध्ये आखले ते तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा होत. तीस वर्षांवरील व्यक्तींची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी अशी योजना आहे. तिन्ही रोगांचे स्वभाव निराळे असले तरी एक गुण तिघांत समान आहे, तो असा की ते डोळ्याने अथवा बोटाने गाठता येण्याजोग्या जागी उगवतात आणि आरंभीच्या अवस्थेत हाती लागले तर बहुधा बरे होतात. त्यांतही गर्भाशयमुखाचा कर्करोग हा जणू मनुष्याला सवड देण्यासाठीच सावकाश वाढतो. त्याचे मूळ मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गात आहे हे जर्मन संशोधक हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. संसर्ग झाल्यापासून कर्करोग प्रकट होईपर्यंत बहुधा पंधरा ते वीस वर्षे जातात. या अवधीत गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये जे बदल होतात ते दिसतात, ओळखता येतात आणि काही मिनिटांच्या उपचाराने नाहीसे करता येतात. इतकी प्रदीर्घ सवलत देणाऱ्या रोगाने २०२२ या एका वर्षात जगातील सुमारे साडेतीन लाख स्त्रियांचा बळी घ्यावा आणि त्यांतील मोठा वाटा भारताचा असावा, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या अपुरेपणाची नसून, असलेले शास्त्र दारापर्यंत न पोहोचल्याची आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी तरी करून घेतल्याचे आढळले.

या विषयातील जगाच्या ज्ञानात मोलाची भर घालणारे एक कार्य कंधारपासून फार दूर नसलेल्या मुलखात झाले आहे, आणि मराठी वाचकाला त्याची माहिती असावी तितकी नाही, म्हणून ते येथे जरा विस्ताराने सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. त्याच्या आश्रयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने, १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भारतातील ही अशी पहिली नोंदवही होय. शहरातील नोंदवहीचा कारकून रुग्णालयांची दफ्तरे चाळून आपले काम भागवतो. पण ज्या खेड्यातला रोगी रुग्णालयात जातच नाही तेथे असा कारकून काय टिपून घेणार? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना निराळी रीत पत्करावी लागली. वैद्यकीय पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले क्षेत्रकार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, सुईण, पोलीस पाटील यांच्याशी बोलत, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, स्तनात गाठ लागणे, तोंडातली जखम न भरणे या खुणा लोकांना समजावून सांगत आणि ज्याच्या ठायी अशी खूण दिसे त्याला बार्शीच्या रुग्णालयापर्यंत आणण्याची खटपट करीत. हेतू मोजदादीचा होता. पण मोजदादीसाठी वारंवार घरी येणारा, ओळखीचा झालेला मनुष्य हाच उपचाराचा पहिला दुवा ठरला. काही वर्षांतच असे दिसून आले की या मुलखातील गर्भाशयमुखाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या, म्हणजे बऱ्या होण्याजोग्या अवस्थेत येऊ लागले आहेत. कस्तुरी जयंत यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोणतेही यंत्र न आणता, केवळ माणसाने माणसाशी बोलण्याने रोगाची अवस्था अलीकडे ओढता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

याच पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ च्या ऑक्टोबरात एक विशाल प्रयोग आरंभला गेला. रंगस्वामी शंकरनारायणन्, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी हे त्याचे सूत्रधार होते. गावांचे ५२ समूह पाडून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट करण्यात आल्या. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात आम्लाचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी आणि चौथ्यात केवळ त्या काळचा प्रचलित सल्ला, अशी विभागणी होती. आठ वर्षांच्या अंती ज्या गटात विषाणूची चाचणी केवळ एकदा झाली होती त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट आकाराने जवळजवळ सारखे होते. २००९ च्या एप्रिलमध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना विषाणूच्या चाचणीला जे प्राधान्य देते त्याच्या आधारांत लातूरच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजूर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. हेही नमूद केले पाहिजे की तपासणी न मिळालेल्या चौथ्या गटाविषयी पुढे तीव्र नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते आक्षेप मला अकारण वाटत नाहीत. ज्या बायांच्या मृत्यूंच्या गणनेतून जगाला ज्ञान लाभले त्यांच्या मुलखात ते ज्ञान सर्वांआधी सेवेच्या रूपाने परत यावयास हवे होते. ते अद्याप पुरते आलेले नाही. ही थकबाकी आहे, आणि तिची वसुली मागण्याचा हक्क मराठवाड्याला आहे.

त्या प्रयोगातील आणखी एक तपशील आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जातो. निमंत्रण मिळालेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ७९ तपासणीला आल्या. खेड्यातल्या स्त्रिया अशा तपासणीला येणारच नाहीत, हा शहरी समज तेव्हाच खोटा ठरला. पण उरलेल्या एकवीस कोण होत्या? नेने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की तरुण, विवाहित, थोडेफार शिकलेल्या, कुटुंबनियोजनाची साधने कधी तरी वापरलेल्या स्त्रिया अधिक आल्या; म्हणजे मागे राहिल्या त्या वयस्कर, निरक्षर, विधवा. पाळी गेली, नवरा गेला, लेकरे मोठी झाली, आता आपल्याला त्या जागेची तपासणी कशाला, असे ज्या बाईला वाटते आणि घरातल्या इतरांनाही वाटते, तिचेच वय या रोगाचे वय असते. तांड्यावरच्या मोहिमेचा आराखडा करणाऱ्याने ही ओळ आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

येथून आपण कुटुंबाकडे येतो. तपासणी एका स्त्रीची होते, पण तिला उपकेंद्रावर जाऊ देण्याचा निर्णय बहुधा तिचा एकटीचा नसतो. आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, दारात येते तेव्हा तिच्याशी बोलते ती सासू. बसचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करतो तो नवरा. आणि तांड्यावर चार माणसांत ज्याचा शब्द चालतो तो नाईक किंवा कारभारी जर म्हणाला की हे काहीतरी गर्भपिशवी काढण्याचे लफडे दिसते, तर दुसऱ्या दिवशी एकही बाई घराबाहेर पडत नाही. म्हणून मोहिमेने बाईला घरातून वेगळी काढून तिच्या कानात सांगण्याचा प्रयत्न करू नये. घर जसे आहे तसे, त्याच्या मानपानासह, विश्वासात घ्यावे. सासूची तपासणी आधी झाली तर सून आपसूक येते. सासूचे वयही तपासणीचेच असते, त्यामुळे यात कोणाची मनधरणी नसून तिच्या हक्काची पहिली पायरी तिला देणे आहे. पुरुषाला तोंडाच्या तपासणीसाठी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी बोलवावे. आपणही तपासले गेलो की बायकोच्या तपासणीतील परकेपणा पुष्कळसा विरतो. मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. संमती अखेर त्या स्त्रीची हवी, आणि निकाल प्रथम तिला कळला पाहिजे. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तो शरीरसंबंधातून पसरतो. तेवढे अर्धवट ऐकून बाईच्या चारित्र्याचा पंचनामा करणारे घर कोठेही असू शकते. हा विषाणू बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी भेटतो आणि बहुधा आपोआप जातो, एवढे वाक्य प्रत्येक आशाताईच्या तोंडी असले पाहिजे.

स्त्रीचे मौन हा या प्रश्नाचा दुसरा पदर आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी सहकाऱ्यांसह ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी केवळ आठ टक्के स्त्रियांची तशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. पांढरे पाणी जाणे, कंबर धरणे, ओटीपोटात कळा येणे ही बाईच्या जातीच्या नशिबाची गोष्ट, असे मानून ज्या सोसत आल्या त्यांना, यातली एखादी खूण निराळी आहे, ती दाखविली पाहिजे, हे सांगावयाचे तर आधी बाकीच्या साऱ्या दुखण्यांची विचारपूस करण्याची तयारी ठेवावी लागते. जी परिचारिका फक्त कर्करोग शोधावयास येते आणि कंबरदुखीवर काही बोलत नाही, तिच्याजवळ बाई मन मोकळे करीत नाही.

आता मी अशा गोष्टीकडे येतो जिच्यावाचून मराठवाड्यातील या मोहिमेचा विचारच करता येत नाही. कंधार, मुखेड, लोहा या भागांतील तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामाचा एक दिवस चुकला की त्या खाड्याची रक्कम कापली जाते. पाळीच्या चार दिवसांत पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या, आडोसा नाही आणि पाणी नाही अशा फडात राहणाऱ्या बाईच्या दुखण्यावर काही खाजगी दवाखान्यांनी एक सोपा तोडगा विकला: पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील कित्येकींनी अजून चाळिशीही पाहिली नव्हती. या बायांच्या संसारात कर्करोग हे नाव प्रथम आले ते कोणत्याही तपासणीचा निकाल म्हणून नव्हे, तर शस्त्रक्रियेचा सौदा पटविणारी धमकी म्हणून.

याचा परिणाम आज सरकारी उपकेंद्रातील प्रामाणिक परिचारिकेला भोगावा लागतो. तिने कर्करोगाचे नाव काढताच समोरची बाई मनात हिशेब मांडू लागते की आता ही मला कोणत्या दवाखान्यात पाठविणार आणि किती हजार लागणार. तिचा हा संशय अडाणीपणाचा नाही. तो अनुभवाचा आहे. म्हणून येथील आरोग्यशिक्षणाचे पहिले वाक्य रोगाविषयी नसून पिशवीविषयी असले पाहिजे: ही तपासणी पिशवी काढण्यासाठी नाही, उलट पिशवी शाबूत राहावी म्हणून आहे, आणि पांढरे पाणी जाते एवढ्या कारणावरून जो कोणी पिशवी काढावयास सांगेल त्याला तपासणीचा कागद मागावा. ज्यांची पिशवी आधीच काढली गेली आहे त्यांना वगळू नये. त्यांच्या स्तनाची आणि तोंडाची तपासणी तितकीच अगत्याची आहे, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयमुख ठेवले होते की काढले होते हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेही नसते.

विश्वास कसा मोडतो याचे दुसरे उदाहरण तेलंगणाच्या बाजूचे आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये पॅपिलोमा विषाणूवरील लस मुलींना देण्याचा एक प्रकल्प राबविण्यात आला. त्यातील पुष्कळ मुली आदिवासी होत्या आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. पालकांच्या संमतीच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्याचे उघडकीस आले. काही मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत दिसले नाही, तरीही २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमतीच्या या रीतीवर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली तशीच स्वदेशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे आणि ती प्रत्येक मुलीला मिळावी असेच मला वाटते. परंतु आईबापांना न विचारता दंडावर टोचलेल्या सुईने एका चांगल्या लसीला देशभर संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले. आश्रमशाळेत मुलगी असते म्हणून तिचे आईबाप रानात हरवलेले नसतात. ते आठवडी बाजाराला येतात, यात्रेला येतात, त्यांना गाठता येते.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते सांगतो, कारण भीतीचा निम्मा भाग अज्ञानात असतो. आशाताई प्रथम घरी येऊन एक प्रपत्र भरते. त्यात वय, तंबाखू आणि दारूचे सेवन, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरातील आजार यांना गुण दिलेले असतात. गुणांची बेरीज चारावर गेली की तपासणीला आधी बोलावणे येते, आणि पुढच्या भागात तोंड उघडण्यास होणारा त्रास, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव अशा खुणा विचारलेल्या असतात. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीला पडद्याआड मेजावर निजवून, योनिमार्ग हलकेच उघडून, प्रखर दिव्याच्या उजेडात गर्भाशयमुख पाहतात. तीन ते पाच टक्के सौम्य ॲसेटिक आम्लात बुडविलेला कापसाचा बोळा तेथे लावतात आणि एक मिनिट थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जेथे पेशींत बदल झालेला असतो तेथे स्पष्ट कडांचा पांढरा डाग उमटतो. चुरचुरते, दुखत नाही. आणि निकाल त्याच क्षणी परिचारिकेच्या डोळ्यांसमोर असतो. असा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. तो योग्य आकाराचा असेल तर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेली एक छोटी सळई मिनिटाहून कमी वेळ टेकवून तो भाग नष्ट करता येतो. बाई चालत घरी जाते.

ही पद्धत सोपी आहे म्हणून ती कशीही केली तरी चालते, असे मात्र नाही. उस्मानाबादच्या प्रयोगात एकदाच केलेल्या आम्लाच्या तपासणीने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. उलट तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात तिच्यामुळे मृत्यू ३५ टक्क्यांनी, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी चार वेळा केली तेव्हा ३१ टक्क्यांनी घटले. पाहणाऱ्या डोळ्याचे शिक्षण आणि त्या डोळ्याची पुनःपुन्हा होणारी पारख यांवर सारे अवलंबून आहे. दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन परिचारिकेला मोकळी सोडणे आणि मग आकड्यांचा तक्ता भरून घेणे, ही स्वतःची फसवणूक आहे.

तोंडाच्या कर्करोगाविषयी थोडक्यात. चुना-तंबाखूची चिमूट, बायकांच्या दातांवरची मिश्री आणि २०१२ च्या बंदीनंतरही छुप्या मार्गाने मिळणारा गुटखा यांनी या मुलखातले गालफड पोखरले आहे. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, ज्याच्या गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे, ज्याची जखम तीन आठवड्यांत भरत नाही, त्याने वाट पाहू नये. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन टॉर्चच्या उजेडात तोंडे पाहिली, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्या लोकांत या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. टॉर्च आणि दोन बोटे, एवढेच साहित्य.

शिबिर कधी भरवावे, याचा विचार आमच्याकडे फारच क्वचित होतो. शासकीय मोहिमांना आर्थिक वर्षाअखेरीस उद्दिष्टाची घाई सुटते आणि जानेवारी-फेब्रुवारीत शिबिरांची गर्दी उडते. त्या वेळी कंधारचा तांडा पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर असतो आणि घरी म्हातारी माणसे व शाळेत जाणारी पोरे तेवढी उरतात. टोळ्या होळीच्या मागेपुढे परततात. म्हणून तांड्याची तपासणी होळीपासून मृग लागेपर्यंत करावी, आणि जिच्या ठायी डाग सापडेल तिचा उपचार त्याच दिवशी, त्याच मेजावर उरकावा. कारण पुढच्या तारखेचा कागद दिलेली बाई त्या तारखेला कोणत्या उसाच्या फडात असेल हे कोणीच सांगू शकत नाही. ज्यांचा उपचार राहिला त्यांची यादी मुकादमाच्या नव्हे, तर कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राच्या हाती गेली पाहिजे. ही दोन जिल्ह्यांच्या दफ्तरांनी परस्परांशी बोलण्याची साधी गोष्ट आहे. ती होत नाही म्हणून माणसे मरतात.

तपासणीनंतरचा रस्ता तर याहून लांब आहे. कंधारचे ग्रामीण रुग्णालय, तेथून पन्नासेक किलोमीटरवर नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला लातूर, आणि किरणोपचारासाठी प्रसंगी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय अथवा मुंबईचे १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय, असा हा टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उपचाराचा खर्च पुष्कळसा उचलला आहे. पण शिधापत्रिकेवर नाव नसणे, आधार कार्डावरचे नाव निराळे असणे, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणे, मुक्कामाची सोय नसणे, दुसऱ्याच खिडकीवर जा असे तीनदा ऐकावे लागणे, या अडचणींवर कोणतीही योजना आपोआप उपाय करीत नाही. जिला लमाणांची गोरमाटी बोली येते अशी, तांड्यातलीच, पगार घेऊन रुग्णाबरोबर नांदेडपर्यंत जाणारी एक सेविका ही या साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त कडी ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

जगाने या दिशेने आणखी एक पाऊल टाकले आहे. परक्या माणसापुढे मेजावर निजण्याचा संकोच ही तपासणी टाळण्याचे कारण असेल, तर स्त्रीने मऊ बोळ्याने आपला नमुना आपणच घ्यावा आणि तो विषाणूच्या चाचणीसाठी द्यावा, ही सोय ऑस्ट्रेलियाने २०२२ च्या जुलैपासून सर्व पात्र स्त्रियांना आणि न्यूझीलंडने २०२३ च्या सप्टेंबरपासून दिली. त्या देशांतील मूळनिवासी आणि माओरी स्त्रिया या रोगाने इतरांपेक्षा अधिक मरतात, आणि दवाखान्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या अवमानामुळे त्या तपासणीपासून दूर राहत आल्या आहेत. त्यांना आपल्या घरी, आपल्या पडद्याआड हे करता येऊ लागले. विषाणूची चाचणी एकदा झाली आणि निर्दोष निघाली तर पाच ते दहा वर्षे पुन्हा करावी लागत नाही, हा स्थलांतर करणाऱ्या बाईच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण आहे. जी चाचणी मराठवाड्यातल्याच स्त्रियांवर पडताळून पाहिली गेली ती कंधारच्या उपकेंद्रात अजून नित्याची नसावी, याला पैशाचे कारण पुरेसे नाही.

वाचकांपैकी जे कंधार, मुखेड, लोहा, किनवट या भागांत शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, आरोग्यसेवक किंवा नुसते जाणते शेजारी असतील त्यांना माझी एवढी विनंती आहे की होळीनंतर टोळ्या परतल्या की आपल्या उपकेंद्राच्या परिचारिकेला तांड्यासाठी दिवस ठरवून मागावा, नाईकाच्या घरी आधी बसून पिशवीविषयीचा गैरसमज उघडपणे बोलावा, आणि बोलावणे करताना सर्वांत आधी त्या म्हातारीच्या दाराशी जावे जिला विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तपासणी मोफत आहे, आणि तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीचा तो हक्क आहे.